घरची पत्रं आणि बालकल्याणाचं काम: विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

जुन्या पेटीत आजीची, आत्याची, पणजीची पत्रं सापडली की लोक जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही आजी कधी बाळंतपणं करणारी नर्स असते, कधी मुलींच्या बोर्डिंगची बाई, कधी गावच्या बालवाडीची ताई. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. या कामातल्या "पहिल्या बायका" म्हणजे नेमक्या कोण? आपल्या विदर्भात अशा होत्या का?

होत्या, आणि बऱ्याच होत्या. नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. नर्सिंग शिकून त्यांनी बाळंतपणाचं काम हाती घेतलं आणि पुढे संघाच्या शाखा विदर्भभर पसरल्या. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. सेवाग्रामला आशादेवी आर्यनायकम् नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीच्या, कामात होत्या आणि शांताबाई नारुळकर तिथल्या लहान मुलांच्या पूर्व-बुनियादी (शाळेआधीच्या) शाळेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव आपण बोर्डी-कोसबाडशी जोडतो, पण लग्नानंतरची काही वर्षं त्या अमरावतीत होत्या. त्यांचे यजमान तिथे वकील होते.

ही झाली छापील नावं. त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्यानंतर ज्या शेकडो जणी तालुक्याच्या गावी, खेड्यात राहिल्या, त्यांची पत्रं माझ्या मते जास्त मोलाची आहेत, कारण त्यांच्याबद्दल दुसरं काहीच छापलेलं नाही.

२. आमची आजी काही मोठी नव्हती, साधी गावात बालवाडी चालवायची. तिची पत्रं यात धरायची का?

धरायचीच. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. त्यांच्या नावानं जो निधी जमला त्यातून खेड्यातल्या बायका-मुलांसाठी ट्रस्ट उभा राहिला आणि ग्रामसेविका तयार होऊ लागल्या. पुढे बालवाड्यांसाठी ओळखल्या गेलेल्या अनुताई वाघ ट्रस्टच्या अशाच एका शिबिरातून ताराबाई मोडकांकडे गेल्या. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झालं आणि त्याच्या प्रकल्पांतून गावोगाव बालवाड्या, बाळंतपणाची सोय, शिवणवर्ग आले. तुमची आजी बहुधा या दोनपैकी एका वाटेनं आली असेल.

शेवटची सीमा मी २ ऑक्टोबर १९७५ धरतो. त्या दिवशी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातलं एक ठिकाण मुंबईची धारावी होतं आणि दुसरं आपल्या मेळघाटातलं धारणी. तिथून पुढे अंगणवाडी हे सरकारी काम झालं, रजिस्टर आलं, कागदाची तऱ्हाच बदलली. पण ही सीमा सोयीची आहे. १९७८ चं पत्र सापडलं म्हणून ते टाकून देऊ नका.

३. संस्थांचे अहवाल आहेत, स्मरणिका आहेत. मग घरच्या पत्रांत वेगळं काय मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा घरातल्या पुरुषांकडून.

अहवालात बाई दिसते ती आकड्यांत: इतकी बाळंतपणं, इतक्या मुली, इतकी देणगी. घरच्या पत्रात तीच बाई विचारते की धाकटीचा खोकला उतरला का, आणि पुढच्याच ओळीत रात्री गाडीत घालून आणलेल्या बाळंतिणीचं सांगते. ही दोन वाक्यं शेजारी असणं, हेच त्या पत्रात बघायचं असतं. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला निघालेल्या बाईचं स्वतःचं मूल कोणाजवळ होतं? आईजवळ, विधवा नणंदेजवळ, थोरल्या जावेजवळ. अहवालात त्या नणंदेचं नाव कधी येत नाही. पत्रात येतं, कारण तिच्यासाठी लुगडं पाठवायचं असतं, तिच्या डोळ्यांचं औषध विचारायचं असतं.

म्हणून सांगतो, "कामाची पत्रं" आणि "घरगुती पत्रं" असे दोन गठ्ठे करू नका. पुष्कळ घरांत हे झालेलं असतं. संस्थेचा उल्लेख असलेली पत्रं जपून ठेवली जातात, लोणच्याच्या कैऱ्या आणि मुलीच्या जावळाची पत्रं बंबात जातात. त्या गठ्ठ्याबरोबर काम कोणाच्या जिवावर चाललं याचा पुरावाही जातो.

४. अशी पत्रं छापून आल्याचं एखादं चांगलं उदाहरण आहे का?

पंडिता रमाबाईंचं. त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापला. पत्रं मुळात इंग्रजीत आहेत. त्यातला मोठा भाग आहे रमाबाई आणि इंग्लंडमधल्या ख्रिस्ती जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्यातला. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. पुढे त्यांची लहानगी मनोरमा काही काळ या सिस्टरांकडे राहिली. जेराल्डीनना रमाबाई लाडानं "आजीबाई" म्हणत. तरी मुलीला काय खायला घालायचं इथपासून तिला धर्माचं काय आणि किती शिकवायचं इथपर्यंत दोघींचं सडेतोड भांडण पत्रांतून चालू होतं. मूल आईचं, सांभाळणारी दुसरी, मग निर्णय कोणाचा?

याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुलींना केडगावच्या आपल्या आश्रमात नेलं. त्या मुलींच्या संगोपनाबद्दल वाचताना मनोरमेची पत्रं आठवली, की दुसऱ्याचं मूल आपल्या रीतीनं वाढवण्यातला पेच रमाबाईंनी दोन्ही बाजूंनी भोगला होता हे कळतं. नुसत्या कार्याच्या वृत्तांतातून हे कळलं नसतं.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयातही वर्ध्या-सेवाग्रामच्या स्त्री कार्यकर्त्यांना लिहिलेली पुष्कळ पत्रं आहेत. मात्र तिथे बाजू एकच, बापूंची. त्या बायकांनी काय लिहिलं होतं ते अंदाजानं ओळखावं लागतं (असंच तुमच्या घरी असेल तर प्रश्न १९ पाहा).

५. गठ्ठा सापडला आहे. आधी काय करू?

आधी काहीच करू नका. ज्या दोरीनं बांधलाय ती सोडण्याआधी फोटो घ्या, कारण कोणतं पत्र कोणत्या पत्राच्या पोटात होतं हेही कामाला येतं. पाकिटं फेकू नका. तिकिटं काढून देऊ नका, नातवाला कितीही नाद असला तरी.

सेलोटेप, स्टेपलर, लॅमिनेशन तिन्ही वर्ज्य. फाटलेलं फाटलेलं राहू द्या. डाग पुसायला ओलं फडकं तर अजिबात नको. त्या काळात जांभळी उमटणारी पेन्सिल सर्रास वापरत, आणि तिला पाणी लागलं की अख्खं पान जांभळं होतं. धुऊन वाळवलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात मधल्या खणात ठेवा. धाब्याच्या घरात माळ्यावर ठेवाल तर वाळवी आणि मे महिन्याचं ऊन, दोघांत कोण आधी खाईल एवढाच प्रश्न. फोटो मोबाइलनं चालतील. सावलीत, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, पत्राच्या दोन्ही बाजू आणि पाकीटही.

६. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं लागत नाहीत. "शि. सा. न. वि. वि." म्हणजे काय?

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नेहमीची आणखी काही: ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप, अ. आ. म्हणजे अनेक आशीर्वाद, ता. क. म्हणजे ताजा कलम, लो. अ. ही वि. म्हणजे लोभ असावा ही विनंती. मायन्यातून नातं कळतं, तेव्हा उतरवताना तो गाळू नका. आणि ताजा कलम आधी वाचा. खरी गोष्ट पुष्कळदा तिथेच असते, कारण वरचं पत्र सासऱ्यांसमोर लिहिलेलं असायचं.

७. काही पत्रं मोडीत आहेत. मोडी शिकावी लागेल का?

सगळी शिकायची गरज नाही. शाळेत शिकलेल्या बायका बहुतेक बाळबोधच (देवनागरी) लिहीत. मोडी सापडते ती वडिलांच्या, सासऱ्यांच्या, दिवाणजींच्या पत्रांत. ती वेगळी ठेवून जाणकाराकडून वाचून घ्या. मात्र बाईंना आलेली मोडी पत्रं पुरुषांची म्हणून बाजूला सारू नका. मुलगी कामाला गेली याबद्दल बापानं काय लिहिलं, ते त्यातच असतं.

८. पत्रावर तारीखच नाही. साल कसं काढायचं?

पत्राच्या मजकुराआधी कागद बघा. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पाव आण्याला सुरू झालं आणि १९२२ मध्ये अर्धा आणा झालं. कार्डावर राजाचं चित्र असतं: सातवा एडवर्ड १९०२ पासून, पाचवा जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. जुनी कार्डं शिल्लक असली तर नंतरही वापरत, म्हणून ही फक्त सुरुवातीची हद्द समजा. पत्र याच्या आधीचं नाही, एवढंच यावरून कळतं. निळं आंतर्देशीय असेल तर २ ऑक्टोबर १९५० नंतरचं. किंमत नव्या पैशांत असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

शिक्के दोन असतात, टाकलेल्या पोस्टाचा आणि पोचलेल्या पोस्टाचा. एक पुसट असला तरी दुसरा वाचता येतो. दोन्ही वाचता आले तर पत्र किती दिवसांत पोचलं तेही कळतं, आणि पावसाळ्यात पूर आल्यावर नदीपलीकडच्या गावाचं काय व्हायचं याचा अंदाज येतो.

मग गावं आणि जिल्हे. "एलिचपूर (आजचं अचलपूर) जिल्हा" लिहिलं असेल तर पत्र बहुधा १९०५ च्या आधीचं, कारण तेव्हा तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. चंद्रपूरचं "चांदा" हे नाव १९६० च्या दशकापर्यंत चाललं. "जि. गडचिरोली" १९८२ च्या आधी असूच शकत नाही. आजारांवरूनही साल लागतं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

९. पत्त्यात "म. प्र." लिहिलंय, पण गाव तर आमचंच, अकोला जिल्ह्यातलं. चूक आहे का?

चूक नाही. १९५० ते १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. त्याआधी मध्यप्रांत आणि वऱ्हाड, इंग्रजी वळणानं "सी. पी. अँड बेरार". १९५६ नंतर मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घोटाळा असा की "म. प्र." हे मध्यप्रांताचंही संक्षेपरूप होऊ शकतं, तेव्हा नुसत्या त्या दोन अक्षरांवर साल ठरवू नका. कागद आणि शिक्का जुळवा (प्रश्न ८).

१०. मिती शके किंवा संवतात आहे. इंग्रजी तारीख कशी काढायची?

शके सालात ७८ मिळवा. पत्र जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातलं असेल तर ७९. चैत्र शके १८५१ म्हणजे १९२९ चा वसंत. संवत असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळात ५६.

खरी अडचण मारवाडी घरांत येते, आणि वर्धा, हिंगणघाट, अकोला, खामगाव या भागात संस्थांना मदत करणारी अशी घरं पुष्कळ होती. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात पडतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, त्यांच्या मितीत तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. शेठाणीबाईंचं पत्र आणि बोर्डिंगच्या बाईंचं उत्तर यांत महिनाभराचं अंतर दिसलं, की आधी हे तपासा. रुसवा-फुगवा नंतर शोधा.

११. एकाच हस्ताक्षरात तीन वेगवेगळी नावं सापडली. ही एकच बाई की तिघी?

बहुधा एकच. माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, आणि कामावर रूढ झालेलं "ताई", "अक्का" किंवा "बाई" लावलेलं नाव. भावाला लिहिताना ती माहेरच्या नावानं सही करते, सासरी दुसऱ्या. नावाआधी सौ. आहे की गं. भा. (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा), हेही बघा. एका वर्षी सौ. आणि पुढच्या वर्षी गं. भा. असेल तर मधल्या काळात काय घडलं ते वेगळं सांगायला नको. या कामात आलेल्या पहिल्या पिढीतल्या किती जणी विधवा होत्या, हे अशा सह्यांवरूनही मोजता येतं.

एक वहीचं पान घेऊन प्रत्येक बाईच्या सगळ्या सह्या वर्षानुसार लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण गोंधळ जातो.

१२. मुलांच्या आजारांची नावं कळत नाहीत. "डबा", "मुडदूस", "मानमोडी" म्हणजे काय?

डबा म्हणजे तान्ह्या मुलाची छाती भरून श्वास लागणं, आजच्या भाषेत बहुतेक वेळा न्यूमोनिया. मुडदूस म्हणजे हाडं मऊ पडून मूल वाळणं. पण गावात कोणतंही वाळलेलं मूल "मुडदुशाचं" म्हणत, तेव्हा थेट निदान समजू नका. मानमोडी हा १९१८ चा इन्फ्लुएंझा, ज्यानं मध्यप्रांत-वऱ्हाडात प्रचंड माणसं नेली. त्यामुळे "मानमोडीच्या साली" हा उल्लेख तारखेसारखाच वापरता येतो. पटकी म्हणजे कॉलरा, डांग्या म्हणजे मोठा खोकला, देवी तर माहीतच आहेत.

औषधोपचारांचे उल्लेखही असेच जपून वाचायला हवेत. कापूस वेचायला किंवा जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) जाणारी आई मुलाला निजवून ठेवायला अफूची बारीक गोळी द्यायची, ती बाळगोळी. मेळघाटात पोट फुगलेल्या मुलाच्या पोटावर तापल्या विळ्यानं चटके देत, त्याला डंमा म्हणतात. शिकलेल्या नर्सबाई याबद्दल घरी पत्रात कधी संतापून लिहितात, कधी आयांना मूर्ख म्हणतात. तो शब्द तसाच ठेवा, पण त्याबरोबर हेही टिपा की त्या आईला दिवसाची मजुरी सोडून घरी थांबता येत नव्हतं. काही जणी कामावर वर्ष-दोन वर्षं काढल्यावर सूर बदलतात आणि पाळण्याची, दुधाची, गावातच सांभाळायला बाई ठेवण्याची भाषा करू लागतात. हा बदल कोणत्या महिन्यात झाला ते पत्रातून दाखवता आलं, तर तुमच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात मोलाचं ते.

१३. पत्रात "सारडा", "मुलांचा कायदा" असे उल्लेख येतात. ते कोणते?

सारडा म्हणजे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. मुलीचं किमान वय १४, मुलाचं १८, अंमल १ एप्रिल १९३० पासून. त्याआधीच्या महिन्यांत घाईनं लग्नं उरकली गेली, आणि "बोर्डिंगातून मुलगी नेली" असं त्या हिवाळ्यातल्या पत्रात आलं तर कारण हेच असण्याचा संभव आहे. मध्यप्रांताचा मुलांचा कायदा १९२८ चा आणि कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाची मदत देणारा १९३० चा.

१४. पैशांचे आकडे खूप आहेत. त्याचं काय करायचं?

जसेच्या तसे उतरवा: रुपये-आणे-पै. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै. "आजच्या हिशोबानं किती?" याचं एक उत्तर नसतं. त्यापेक्षा त्याच पत्रातल्या जोंदळ्याच्या भावाशी किंवा मुलाच्या फीशी ताडून बघा.

मनीऑर्डरची कुपनं मात्र सोन्यासारखी जपा. त्यावर दोन ओळींची जागा असते आणि बाईंचा पगार घरी कसा वाटला जाई ते तिथे दिसतं: इतके आईला, इतके भावाच्या कर्जाला. पगारदार मुलीवर माहेर चालत होतं ही गोष्ट कुटुंबाच्या तोंडी इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

१५. आजीला लिहिता येत नव्हतं, ती दाई होती. तरी तिच्या नावची पत्रं आहेत. ती तिची मानायची का?

मानायची, पण लिहिणारा कोण तेही नोंदवायचं. मास्तर, पोस्टमन, शाळेत जाणारी पुतणी, संस्थेतल्या बाई, कोणीही. एकाच दाईची दोन पत्रं दोन वेगळ्या हातांची असतील तर भाषा लगेच बदललेली दिसते. पुतणी "माह्या", "हाये", "लेकरू" तसंच ठेवते, मास्तर त्याचं "माझ्या", "आहे", "मूल" करतो. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईच्या बाबतीत तर लिहिणाऱ्यानं भाषाच बदललेली असते.

दलित आणि आदिवासी कार्यकर्त्यांची पत्रं कमी सापडतात याचं कारण त्यांनी काम कमी केलं असं नाही. जाईबाई चौधरींनी शिक्षिका होण्याआधी कामठीला हमाली केली होती. अशा घरात पत्रं ठेवायला कोरडी पेटी कुठून यायची? तिथे पत्राच्या जोडीनं तोंडी आठवण लिहून घ्या आणि दोन्ही एकत्र ठेवा.

१६. वऱ्हाडी बोली आणि चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून छापलं तर बरं दिसणार नाही का?

दिसेल बरं, पण पत्र तुमचं होईल, तिचं राहणार नाही. अडेल तिथे समासात अर्थ द्या.

१७. पत्रात सोडून दिलेल्या मुलांची, कुमारी मातांची नावं आहेत. छापावी का?

नाही. यावर माझं मत पक्कं आहे. बाळंतपणाला गुपचूप आलेली मुलगी, दत्तक दिलेलं मूल, आश्रमात ठेवलेलं मूल यांचं नाव, गाव, जात, आडनाव यांतलं काहीही ओळख पटेल असं बाहेर जाता कामा नये. शंभर वर्षं झाली तरी खेड्यात आडनावावरून आणि वाड्यावरून घर ओळखतात, आणि त्या बाळाची नातवंडं आज तिथेच राहत असतील. बाल न्यायाच्या आजच्या कायद्यातही (२०१५, कलम ७४) अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. कायदा जुन्या पत्राला लागू होतो की नाही हा वाद वकिलांना घालू द्या, आपण लागू समजून चालावं.

छापताना नावाऐवजी ठरावीक अक्षर द्या, तालुक्याच्या पुढचं गाव गाळा, आणि मूळ पत्र न खोडता बंद ठेवा. काळी शाई ओतून मूळ कागदावरचं नाव पुसणं हा मूर्खपणा आहे. उद्या त्या बाळाचा नातू स्वतःहून विचारत आला, तर त्याला तेवढा एकच कागद उपयोगाचा असेल.

उलट बाजूचा अपवाद: काम करणाऱ्या बाईंचं, त्यांच्या सासूचं, मदत नाकारणाऱ्या पाटलाचं नाव लपवायची गरज सहसा नसते. तिथे अडतं ते घरातल्या लोकांचं. आईनं बाबांबद्दल कडवट लिहिलंय म्हणून काही पत्रं "जाळून टाकू" अशी भाषा होते. जाळू नका. पाकिटात घालून, वर वर्ष लिहून, अमुक वर्षांनी उघडावं असं ठरवा. तोवर वाचू नका आणि वाटूही नका.

१८. पत्रांचा हक्क कोणाचा? आमच्याकडे आहेत म्हणजे आमचीच ना?

कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. आजीला आलेली पत्रं तुमच्या पेटीत असली तरी छापायचा हक्क ज्यांनी लिहिली त्यांच्या वारसांकडे असतो. आजीनं लिहिलेली पत्रं दुसऱ्याच्या घरी असतील तर कागद त्यांचा आणि मजकुराचे वारस तुम्ही सगळी भावंडं, एकटे तुम्ही नव्हे. १९५७ च्या कायद्यानं हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हयातीत न छापलेल्या लेखनाची ६० वर्षं मात्र ते पहिल्यांदा छापलं जातं तिथून मोजतात. त्यामुळे "आजी जाऊन ७० वर्षं झाली, आता कोणाचा हक्क" हे म्हणणं घरच्या पत्रांना लागू पडत नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. आत्यांची आणि त्यांच्या मुलांचीही, त्यांनाच हमखास विसरतात.

एखाद्या ग्रंथालयाला किंवा नागपूरच्या पुराभिलेखागारासारख्या सरकारी ठिकाणी पत्रं द्यायची असतील तर कागद देताय की छापण्याचा हक्कही, हे लिहून द्या. वर्ध्याच्या बजाज कुटुंबाचे कागद दिल्लीला गेले, अखिल भारतीय महिला परिषदेचेही दिल्लीतच आहेत. मोठ्या ठिकाणी कागद टिकतात, पण आर्वीच्या किंवा दर्यापूरच्या नातीला ते बघायला रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. म्हणून देण्याआधी पूर्ण फोटोसंच गावात ठेवा, शाळेत किंवा वाचनालयात. प्रश्न १७ मधली पत्रं त्यातून वगळा.

१९. आमच्याकडे फक्त आजीला आलेली पत्रं आहेत. तिनं लिहिलेलं एकही नाही. अर्धवट गठ्ठ्याचा काय उपयोग?

जवळपास प्रत्येक घरात हेच असतं. पत्र ज्याला जातं त्याच्याकडे राहतं. तेव्हा आजीची पत्रं तुमच्या घरी शोधू नका, आलेल्या पत्रांच्या पाठीमागचे पत्ते काढा. तिच्या थोरल्या बहिणीचं सासर, भावाचा वाडा, तिच्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या मैत्रिणीचं गाव. पहिली चौकशी मूल सांभाळणारी जिथे राहत होती तिथे करा, कारण आई सगळ्यात जास्त पत्रं तिथेच लिहिणार. घर विकलं गेलं असेल तर विकत घेणाऱ्यालाही विचारा. कागदांची पेटी पुष्कळदा घराबरोबरच जाते.

काहीच मिळालं नाही तरी आलेल्या पत्रांतली उत्तरं वाचा. "तू विचारलंस की बाळ्याला वरचं दूध मानवतं का, तर मानवतं" असं वाक्य आलं, तर आजीनं काय विचारलं होतं ते त्यातच आहे. असे प्रश्न तारखेसह वेगळे लिहून काढा. आणि बोर्डिंगमधल्या मुलींनी मोठेपणी आजीला लिहिलेली पत्रं असतील तर त्यांच्या गावीही जा. त्यांच्याकडे आजीची उत्तरं असू शकतात, आणि त्या उत्तरांत घरच्या मुलांना लिहिलेल्यापेक्षा जास्त मोकळेपणा सापडला तर घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.